काटाबाई पोचवतात

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो. मी लोकांना गाडी चालवायला शिकवते. स्टिअरिंग सतत दुसऱ्याच्या हातात आणि आपल्या पायाखाली फक्त जादाचा ब्रेक, अशा धंद्यात कुणाचा स्वभाव गोड राहील? त्यामुळे हॉस्पिटलच्या मागच्या जिन्यापाशी काटाबाई मला पहिल्यांदा भेटल्या, तेव्हा मी त्यांच्याशी भांडलेच.

झालं असं, की बाबांच्या काळजीने माझं डोकं फिरलं होतं. चहा पिऊन मी कागदी कप समोर दिसला त्या पिवळ्या डब्यात टाकला.

"हा कप कुणाच्या अंगातून निघाला?" मागून आवाज आला.

वळून पाहिलं तर गुडघ्यापर्यंत बूट, कोपरापर्यंत जाड हातमोजे, रबरी एप्रन आणि त्या सगळ्याच्या आत एक लहानखुरी बाई.

"म्हणजे?" मी म्हटलं.

"पिवळ्यात माणसाच्या अंगातलं जातं. रक्ताचे बोळे, पट्ट्या, ऑपरेशनमध्ये काढलेलं. हे सगळं भट्टीत जळायचं असतं. भट्टीला चहा लागत नाही."

मी तणतणत कप परत काढायला वाकले, तर बाई एवढ्या जोरात ओरडल्या की वरच्या मजल्यावरून दोन नर्सनी खाली डोकावून पाहिलं. "हात घालायचा नाही! पडलं ते पडलं. या डब्यातून काही परत येत नसतं."

"मग आता काय करू? माफीनामा लिहून देऊ?"

"पुढच्या वेळी डोळे उघडे ठेवा, तेवढं पुरे," असं म्हणून त्यांनी पिशवीचं तोंड पिरगाळलं, दुमडून गाठ मारली आणि पिशवी अंगापासून लांब धरून निघून गेल्या. मनातल्या मनात मी त्यांना जे म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

त्यांना सगळं हॉस्पिटल काटाबाई म्हणायचं. खरं नाव पगारपत्रकावर असेल. जिन्याखालच्या बोळाच्या टोकाला त्यांची खोली होती. पांढऱ्या फरशीची, खिडकीला जाळी लावलेली. सगळ्या वॉर्डांतल्या पिशव्या तिथे यायच्या. एका भिंतीला पिवळ्या, दुसरीला लाल; लालमध्ये सलाईनच्या नळ्या आणि बाटल्या. कोपऱ्यात सुयांचे पांढरे, कडक डबे. आणि मधोमध तो काटा, जमिनीला टेकलेला, लोखंडी पाट्याचा. भट्टीकडे जाणाऱ्या गाडीत चढण्याआधी प्रत्येक पिशवी त्याच्यावर बसायची. पण बाई ती काट्यावर ठेवण्याआधीच वजन सांगायच्या आणि मग काट्याकडे असं बघायच्या, जसं काही त्याचीच परीक्षा चालू आहे. दारात जमिनीवर पिवळा पट्टा रंगवलेला होता. त्याच्या आत कुणीही पाय टाकायचा नाही, मग तो मोठा डॉक्टर असला तरी.

आणखी एक गंमत. 'फेकणे' हा शब्द त्यांना चालत नसे. "कचरा फेकून आलात का?" असं कुणी विचारलं की त्यांचं तोंड आंबट व्हायचं. "मी फेकत नाही. पोचवते," असं त्या सांगायच्या. वॉर्डमधले लोक मुद्दाम छेडायचे. मीसुद्धा हसले होते.

आता बाबांचं सांगते. बाबा वायरमन. सगळी नोकरी विजेच्या खांबावर गेली. शिडी लावायची म्हटलं की त्यांना अपमान वाटायचा. अनवाणी तळवे खांबाला लावायचे आणि सरसर वर. लहानपणी मला वाटायचं, माझ्या बाबांच्या पायांना चिकट काहीतरी लावलेलं आहे. निवृत्त झाल्यावर साखरेने गाठलं. उजव्या अंगठ्याला काही टोचलं ते त्यांना कळलंच नाही, कारण पायातली जाणीवच गेली होती. कळलं तेव्हा अंगठा काळा पडला होता, आणि आम्ही हॉस्पिटलात आलो तोवर काळं घोट्याला भिडलं होतं.

सर्जन चांगला माणूस होता. खाटेच्या कडेला बसून त्याने नीट समजावलं. "आज गुडघ्याखालून काढला तर गुडघा वाचेल, कृत्रिम पायावर चालता येईल. उद्या मांडीपर्यंत जावं लागेल. परवाचं मी सांगू शकत नाही."

"नाही," बाबा म्हणाले.

मी समजावलं, रडले, मग चिडले. बाबा भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. शेवटी मी अक्षरशः ओरडले, "पायापायी जीव घालवणार का तुम्ही?"

तेव्हा ते बोलले. हळू आवाजात, माझ्याकडे न बघता. "शहराबाहेर कचऱ्याचा डोंगर होता ना, तिथल्या खांबावर मी चढलो होतो एकदा. तू शाळेत होतीस. वरून दिसलं. कुत्री काहीतरी ओढत होती. बँडेज होतं त्याला." मग म्हणाले, "या पायांवर मी तुम्हाला जगवलं. त्यातल्या एकाचं तसं व्हायचं असेल, तर मला सगळ्याला एकदमच जाऊ दे."

सर्जन उभा राहिला. मला वाटलं, आता हा म्हणणार, काहीतरीच काय काका. पण तो दाराशी गेला आणि नर्सला म्हणाला, "काटाबाईंना वर बोलवा."

त्या आल्या. हातमोजे काढून, हात धुऊन, एप्रनशिवाय. त्यामुळे आणखीच लहान दिसत होत्या. बाबांनी पाहिलेलं सर्जनने त्यांना सांगितलं. त्यांनी बाबांची समजूत वगैरे काढली नाही. खुर्ची ओढून बसल्या.

"तुम्ही पाहिलंत ते खरं असणार, भाऊ. तेव्हा जायचंच तसं."

बाबांनी मान वळवली. इतक्या वेळात पहिल्यांदा.

"आता कुठे जातं?" त्यांनी विचारलं.

"थिएटरमधून पिवळ्या पिशवीत माझ्याकडे. माझ्याकडून बंद गाडीत. गाडीतून भट्टीत. मधे कुठे जमिनीला टेकत नाही."

"तुम्ही पाहिलीये भट्टी?"

"पाहिलीये."

"माझा पाय तिथवर गेला, हे मला कसं कळणार?"

बाई म्हणाल्या, "मी स्वतः पोचवीन. भट्टीच्या तोंडापर्यंत. तुमची लेक येऊ दे बघायला."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "तू जाशील?"

"जाईन," मी म्हटलं.

"मग आणा तो कागद," बाबा म्हणाले आणि त्यांनी सही केली.

ऑपरेशन नीट झालं. गुडघा वाचला. बाबा गुंगीत असतानाच मी खाली त्या पिवळ्या पट्ट्याशी जाऊन उभी राहिले. थिएटरच्या पिशव्या ढकलगाडीवरून आल्या. बाईंनी पहिली उचलली, ठेवली. दुसरी उचलली, ठेवली. मग पुन्हा पहिली उचलली, आणि त्यांचा चेहरा उतरला.

"काय झालं?" मी विचारलं.

"दोन्हींत पाय नाही."

"काट्यावर तरी ठेवा."

"काटा काय सांगणार? बोळे आहेत नुसते." त्या तशाच बाहेर आल्या आणि थिएटरमधल्या मदतनिसाला हाक मारली. हा चाळिशीचा उंच, सज्जन माणूस. सगळे त्याला लांब्या म्हणायचे.

"पाय कुठाय?"

लांब्या गोंधळला. "तुम्हीच सांगितलंत ना सकाळी, हा नीट ठेव, इतरांसारखा नको. मग मी तो बोळ्यांबरोबर पिशवीत कसा कोंबणार? चांगल्या धुतलेल्या हिरव्या चादरीत गुंडाळला. गाठ मारून ट्रॉलीच्या खालच्या फळीवर ठेवला. तुम्हाला हातात द्यायला." आणि बोलता बोलता त्याच्याच लक्षात आलं. त्याने कपाळावर हात मारला. खालच्या फळीवर धुवायच्या चादरींचे गठ्ठे असतात. धुलाईवाला येऊन सगळे घेऊन गेला होता.

मी लांब्यावर तुटून पडणार होते. तोंड उघडलंही होतं. पण बाईंनी हात आडवा धरला. "त्याला नको बोलूस. चूक माझी आहे. इतकी वर्षं मी सगळ्यांना सांगते, पिशवीपुढे सगळे सारखे. आणि आज मीच म्हटलं, हा वेगळा." एवढं बोलून त्या पळाल्या. त्या बुटांत, त्या वयात. मी मागे.

धुलाईखाना मागच्या आवारात होता. आत वाफ, औषधाचा उग्र वास, आणि भिंतीएवढी दोन मशीनं. थिएटरच्या चादरींचा ढीग माझ्या छातीपर्यंत आला होता. सगळे गठ्ठे हिरवे, सगळ्यांना तशीच गाठ. धुलाईवाला एकेक गठ्ठा उचलून औषधाच्या टाकीत सोडत होता.

"थांब!" बाई ओरडल्या. "टाकीत किती गेले?"

"आत्ता तर सुरुवात केली. का?"

बाईंनी टाकीकडे बघितलं. "ते तरंगताहेत. त्यात नाही." मग सगळं सांगितलं. धुलाईवाला दोन पावलं मागे सरला.

मी ढिगाकडे धावले, पहिल्या गठ्ठ्याची गाठ सोडायला लागले. माझ्या डोक्यात एकच होतं. बाबा शुद्धीवर येतील आणि विचारतील, आणि मी काय सांगू? तुमचा पाय हरवला? मशीनमध्ये गेला? त्यांनी आमच्या शब्दावर सही केली होती. त्यानंतर ते माझ्यावर विश्वास ठेवतीलही कदाचित, पण औषध घेतील का, उठून बसतील का, हे मला सांगता येत नव्हतं.

"हात काढ," बाई म्हणाल्या. या वेळी ओरडल्या नाहीत. "कुठल्या चादरीत सुई अडकली असेल सांगता येत नाही. गाठ सोडायची नाही."

"मग शोधणार कसं?"

त्यांनी हातमोजे वर ओढले आणि पहिला गठ्ठा गाठीला धरून उचलला. क्षणभर हवेत धरला. बाजूला ठेवला. दुसरा. बाजूला. काही गठ्ठे ओले, काही कोरडे, कुठे दोन चादरी, कुठे पाच. मला सगळे सारखेच जड वाटले असते. बाई डोळे मिटून उचलत होत्या. मशीनची घरघर तेवढी चालू होती. ढीग कमी होत चालला. मी आयुष्यात इतका वेळ गप्प बसलेली नाही.

एक गठ्ठा त्यांनी उचलला, तो काही वेगळा दिसत नव्हता. पण तो त्यांनी बाजूला ठेवला नाही. दुसरा हात खाली लावला. तान्हं मूल घेताना डोक्याखाली लावतात, तसा. मग डोळे उघडले.

"हे बघा भाऊ," त्या गठ्ठ्याशी बोलल्या. "सापडलात."

मला रडू कोसळलं. धुलाईवाल्याने डोक्यावरची टोपी काढली. कुणी सांगितलं नव्हतं त्याला.

"चादर चांगली होती," तो नंतर पुटपुटला, काहीतरी बोलायला हवं म्हणून.

"जाईल आता बरोबर," बाई म्हणाल्या. त्यांनी चादरीसकट सगळं पिवळ्या पिशवीत ठेवलं, गाठ मारली, चिठ्ठी चिकटवली. खोलीत आल्यावर काट्यावर ठेवलं. वजन आधी सांगितलं नाही, तेवढ्या एकाच वेळी.

बंद गाडीत ड्रायव्हर आणि त्याचा साथीदार सोडून कुणाला बसता येत नाही. म्हणून बाई माझ्या गाडीत बसल्या, छपरावर 'शिकाऊ' अशी पाटी असलेल्या. पुढे कचऱ्याची गाडी, मागे आम्ही. बाईंचे पाय नेमके त्या जादाच्या ब्रेकवर येत होते. एका वळणावर त्यांनी तो दाबलाच. मागच्याने हॉर्न वाजवून आमचा उद्धार केला. मी एरवी काच खाली करून त्याला उत्तर दिलं असतं. त्या दिवशी हसू आलं.

"मावशी, तुम्ही या कामात कशा आलात?" मी विचारलं. बाईंची मावशी कधी झाली, मलाही कळलं नाही.

त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. "तुझ्या बाबांनी ज्या डोंगराचं सांगितलं ना, तिथे माझी आई वेचायची. प्लास्टिक, पत्रा. मीपण जायचे. एक दिवस तिच्या बोटात सुई गेली. हॉस्पिटलची. तिने बोट चोखलं, थुंकली, पुढे वेचायला लागली. नंतर डोळे पिवळे झाले तिचे. मग सगळीच पिवळी झाली. मग गेली." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "ज्याने ती सुई फेकली, त्याला वाटलं असेल, गेली. काही जात नाही गं पोरी. कुणाच्या तरी हातात येतंच."

मी ब्रेकवरचा माझा पाय काढून पुन्हा ठेवला. सगळ्यांनी मिळून 'पोचवते' या शब्दाला किती हसलो होतो, ते आठवलं.

भट्टीची जागा शहराच्या पार बाहेर, उंच भिंतीच्या आत. मला वाटलं होतं घाण असेल, वास असेल. तर आवार झाडून लख्ख. मधे एक धुराडं, एवढं उंच की मान मोडून बघावं लागलं. तिथल्या सुपरवायझरने बाईंना ओळखलं, आम्हाला जाड काचेमागे उभं केलं. आत चंदेरी एप्रन घातलेला माणूस होता. त्याने पिशवी एका लोखंडी पाळण्यात ठेवली.

"जरा हळू," बाई काचेमागून म्हणाल्या. त्याला ऐकू जाणं शक्यच नव्हतं, पण त्याने ठेवली हळूच.

पाळणा वर गेला. दार उघडलं, आणि मी आग पाहिली. आग मी काय पाहिली नव्हती? पण ही पिवळी नव्हती, लाल नव्हती. पांढरीच होती जवळजवळ, आणि तिचा आवाज छातीत येत होता. ज्वाळा अशा नव्हत्याच. सगळा उजेडच पेटलेला. पिशवी आत गेली आणि त्या उजेडात दिसेनाशी झाली. काही फुटलं नाही, काही उडालं नाही. दार मिटलं.

"पहिल्या भट्टीत वस्तू जळते," सुपरवायझर सांगत होता. "दुसऱ्या भट्टीत तिचा धूर जळतो. मग उरलेली हवा पाण्याने धुतो. मग बाहेर सोडतो."

"धूरसुद्धा जाळता?" मी विचारलं.

"धूर कुणाच्या अंगात जायला नको ना."

आम्ही बाहेर आलो. मी धुराड्याच्या टोकाकडे बघत राहिले. वर काही नव्हतं. नुसती हवा थरथरत होती आणि तिच्यामागे आकाश जरासं हलत होतं. खाली एवढी आग, आणि वर काही नाही. रोज सगळ्या शहराच्या जखमा इथे येतात, आणि शहराला पत्ताही लागत नाही. शेजारी बाई हाताची घडी घालून उभ्या होत्या. भाजी घ्यायला आल्यासारख्या.

बाबा संध्याकाळी नीट शुद्धीवर आले. ओठ कोरडे पडले होते. पहिला शब्द पाणी असेल असं मला वाटलं.

"पोचला?"

"पोचला, बाबा."

"तू पाहिलंस?"

"डोळ्यांनी पाहिलं." मग मी सगळं सांगितलं. धुलाईखानाही सांगितला. लपवावंसं वाटलं होतं, पण ज्या बाईने चूक माझी असं सगळ्यांसमोर म्हटलं, तिच्याबद्दल अर्धं सांगणं मला जमेना. बाबा डोळे मिटून ऐकत होते. दुसरा हात खाली लावला, हे सांगितलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. डोळे मिटलेलेच होते. मला वाटलं झोपले.

"वीज गेली तर भट्टी बंद पडते का?" त्यांनी विचारलं. "जनरेटर आहे का त्यांच्याकडे? तू बघायला हवं होतंस."

तेव्हा मला कळलं, की माझा बाप परत आला.

घरी सोडायच्या दिवशी बाबा कुबड्यांवर उभे राहिले आणि म्हणाले, आधी खाली जायचं. बोळ ओलांडून काटाबाईंच्या दारात गेलो. बाई पाठमोऱ्या होत्या. बाबांनी पिवळा पट्टा पाहिला, पण तो ओलांडून सरळ आत गेले. मी मागून ओढायला बघत होते. मधला तो काटा बघून ते थांबले.

"याच्यावर ठेवला होता?"

"हो," बाई म्हणाल्या.

बाबांनी कुबडी पुढे टाकली आणि एका पायाने त्या लोखंडी पाट्यावर चढून उभे राहिले. मला म्हणाले, "त्याचं वजन झालंय. माझं बघू दे किती उरलंय."

काट्याचा आकडा हलायला लागला. बाई पुढे आल्या आणि त्यांनी तो हाताने झाकला.

"उतरा," त्या म्हणाल्या. "उतरा म्हणते ना. याच्यावर जायचं असतं ते चढतं."

"आणि मी?"

"तुम्ही राहिलात, भाऊ." त्यांनी एक हात बाबांच्या दंडाला धरला, दुसरा कोपराखाली लावला, आणि त्यांना पिवळ्या पट्ट्याच्या बाहेर आणून माझ्या हातात दिलं.